वहीत नसलेला भूकंप

माझ्या सासऱ्यांच्या वहीत तेवीस भूकंप आहेत आणि त्यांतला एकही झालेला नाही. हे मला अगदी पहिल्यापासून ठाऊक आहे, कारण त्यांतले बारा मी केलेत आणि अकरा चिंत्यानं.

आधी माणसं सांगतो, नाहीतर घोटाळा व्हायचा. मी गंगाधर, वाईला राहतो, लोकांचे जुने मोडी कागद वाचून देतो. सासरे म्हणजे आमचे गुरुजी. कृष्णेच्या घाटाजवळ त्यांची वेदपाठशाळा होती. मी तिथलाच विद्यार्थी आणि पुढं तिथलाच जावई. चिंत्या, म्हणजे चिंतामण, माझ्याबरोबर शिकायला होता. आणि वही म्हणजे अनध्यायाची वही.

अनध्याय म्हणजे काय हे हल्लीच्या शिकलेल्यांना सांगावं लागतं, काय करता! वेद रोज शिकायचा नसतो. प्रतिपदेला बंद, अष्टमीला बंद, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्येला बंद. शिवाय ग्रहण लागलं, अवेळी आभाळ गडगडलं, उल्का पडली की संथा तिथल्या तिथं थांबवायची. संथा म्हणजे गुरुजींनी म्हणायचं आणि आपण मागून म्हणायचं, पाठ होईपर्यंत. आणि जमीन हलली, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पाठशाळा बंद. गुरुजी शिस्तीचे. प्रत्येक सुट्टी ते वहीत मोडीत नोंदवायचे, तिथी, प्रहर आणि कारण. भूकंपाला नुसतं 'भू'.

आता हे नियम बारा-तेरा वर्षांच्या पोरांना कळल्यावर त्यांनी काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे?

पाठशाळेच्या खोलीला लागून स्वयंपाकघर होतं. तिथं आढ्याला टांगलेली फळी, तिच्यावर तांब्याची भांडी. आम्ही फळीला बारीक सुतळी बांधली, दाराच्या फटीतून बाहेर आणली आणि चटईखालून सोडून टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं. गुरुजी डोळे मिटून संथा द्यायचे. अंगठा ओढला की आत भांडी खणखणत. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं दचकून "जमीन हलली!" म्हणायचं. पाळी ठरलेली, एकदा मी, एकदा तो. आंबे उतरले की भूकंप, कृष्णाबाईचा उत्सव लागला की भूकंप. गुरुजी डोळे उघडायचे, आचमन करायचे, वहीत 'भू' लिहायचे आणि घाटावर सोंगट्या खेळायला जायचे. चार वर्षांत ती सुतळी एकदाही तुटली नाही, एवढं आमचं दैव जोरावर होतं.

मग आली शके अठराशे एकोणतीसची, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सातची, भाद्रपद शुद्ध दशमी.

त्या दिवशी साताऱ्याचे लालासाहेब म्हणून बडे गृहस्थ पाठशाळा पाहायला आले होते. गुरुजींनी चिंत्याला पुढं बसवलं, कारण आवाज त्याचा. घनापर्यंत, म्हणजे वेदपठणाच्या सगळ्यांत अवघड पायरीपर्यंत, जाईल असा हा एकच मुलगा, असं ते चारचौघांत म्हणायचे आणि आम्हा बाकीच्यांना ऐकून घ्यावं लागायचं. संथा रंगात आली, चिंत्या मधेच पाणी प्यायला उठला, स्वयंपाकघराच्या दारात पोचला आणि आत भांडी वाजली. नुसती वाजली नाहीत, एक तपेलं धाडकन खाली आलं. मला चटई सरकल्यासारखी वाटली, पण पोटात गोळा आला की असं वाटतंच.

लालासाहेबांच्या देखत संथा थांबली असती तर गुरुजींची शोभा झाली असती. ते कडाडले, "कोणी हलवली फळी?"

चिंत्या म्हणाला, "मी हात लावला नाही गुरुजी. जमीन हलली."

गुरुजी माझ्याकडं वळले. "गंगाधर, तू सांग. तू खोटं बोलत नाहीस."

आणि गंमत बघा, मी खोटं बोललो नाही. पाळी चिंत्याची होती, दारात चिंत्या होता, भांडी वाजली होती. मी म्हटलं, "चिंतामणनं."

त्याच दिवशी त्याची वळकटी दाराबाहेर गेली. गुरुजींनी काढलेला मुलगा म्हटल्यावर दुसऱ्या कुठल्या पाठशाळेनं त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. त्याचे वडील भिक्षुक. मरेपर्यंत पोराशी धड बोलले नाहीत. त्या दिवसाची वहीतली नोंद अशी: 'अध्ययन यथास्थित.' मी घाबरून सुतळी तोडली आणि कृष्णेत सोडून दिली. पुढं वहीत एकही 'भू' नाही. सहा वर्षांनी गुरुजींनी आपली मुलगी शरयू मला दिली. का, तर मुलगा सत्यवचनी आहे!

हे सगळं मी विसरलो होतो म्हणणार नाही, पण उकरूनही काढत नव्हतो. ते उकरायला एकोणीसशे सेहेचाळीस साली सांगलीहून गोपाळकृष्णपंत बोडस आले.

बोडससाहेब बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनिअर. पेन्शनीत लोक बागा करतात, ह्यांनी भूकंप धरले. आपल्या मुलखात पूर्वी जमीन कधी कधी हलली, हे जुन्या कागदांतून काढायचं आणि त्याचं पुस्तक करायचं. देवळांचे कागद, घराण्यांची पत्रं, जे मिळेल ते बघायचे; मोडी येत नसल्यानं वाचायला मी. त्यांचा एक नियम होता. ज्या दिवशी झालं त्याच दिवशी लिहिलेलं असेल ते खरं. ऐकीव गोष्टीला ते हातही लावायचे नाहीत. "गंगाधरपंत, माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही," असं दिवसातून दोनदा तरी म्हणायचे.

दोन महिने काही हाती लागेना. एकदा ते आमच्या घरी जेवायला असताना शरयू वाढता वाढता म्हणाली, "बाबांची अनध्यायाची वही आहे की माळ्यावर. तीत लिहिलेत भूकंप." माझ्या हातातला घास हातात राहिला. तिनं वही काढून, पुसून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि माझ्याकडं बघून हसली. वडिलांचा अभिमान, दुसरं काय, असं मी समजलो.

साहेबांचं भान हरपलं. तेवीस भूकंप! रोजच्या रोज लिहिलेले, प्रहरासकट! एका वेदमूर्तीनं, हातात कुठलं यंत्र नसताना! मी वाचून दाखवत होतो आणि ते उतरवून घेत होते. माझाच एकेक अंगठा मी मोठ्यानं वाचत होतो म्हणा ना.

मग त्यांचे सिद्धांत सुरू झाले. एके दिवशी डोळे मोठे करून म्हणाले, "पाहिलंत का? एकही भूकंप अष्टमीला नाही. प्रतिपदेला नाही, चतुर्दशीला नाही, पौर्णिमा-अमावास्येला तर नाहीच नाही! चंद्राचा आणि जमिनीचा असा संबंध आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता."

अहो, येईल कसा? सुट्टीच्या दिवशी सुट्टी कोण काढतं?

दुसरा सिद्धांत आणखी थोर. भूकंप सगळे माघापासून वैशाखापर्यंत, म्हणजे नदीला पाणी कमी असतं तेव्हा. भाद्रपदात, पूर असताना, एकही नाही. म्हणजे पाण्याचं वजन जमिनीला गप्प बसवतं! वर कोयनेच्या बाजूला धरण बांधायच्या गोष्टी तेव्हा नुकत्या कानांवर येत होत्या. साहेब म्हणाले, "घालावं खुशाल धरण. खोरं पाण्यानं भरलं की ती जमीन कायमची निजेल." आणि शके एकोणतीसनंतर भूकंप एकदम थांबले ते का? तर पोटातला ताण निघून गेला. ताण निघून गेला होता खरा, पण पोट माझं होतं.

मी का बोललो नाही, म्हणाल. मी स्वतःला सांगितलं की शरयूसाठी. बापाचा फोटो पुसल्याशिवाय जी चहा घेत नाही, तिला सांगायचं का की तुझ्या बापाला दोन पोरांनी चार वर्षं येडं बनवलं? हे कारण चांगलं होतं. ते मी बरेच दिवस वापरलं.

पुस्तक छापायला साताऱ्याच्या एका लहानशा छापखान्यात दिलं. लढाई संपली तरी कागदाचं रेशन सुटलं नव्हतं, त्यामुळं पुस्तक ऐंशी पानांत बसवायचं होतं. आणि त्या छापखान्यात छपाईचे खिळे जुळवायला कोण? चिंत्या! तीस वर्षं तो तिथंच होता. लग्न नाही, कार्य नाही. खणांच्या पेटीतून खिळे उचलता उचलता तोंडानं वेद म्हणायचा आणि एका जागी येऊन थांबायचा. त्या दशमीला पाणी प्यायला उठला होता, ती जागा. पुढचं त्याला येतच नव्हतं.

मी साताऱ्याला गेलो की त्याला भेटायचो. दर भेटीत, चहाचा कप खाली ठेवताना, तो एकच वाक्य बोलायचा. "गंग्या, मी हात लावला नव्हता." मी म्हणायचो, "बरं बाबा." मनात म्हणायचो, काय हट्टी आहे लेकाचा! एवढी वर्षं झाली, आता तरी कबूल हो. बाकीचे अकरा कबूल करतोस, त्यावर हसतोस, मग हा एकच का नाही?

श्रावणात बोडससाहेबांनी मला सांगलीजवळ समडोळीला धाडलं. तिथं वर्धमान पाटील म्हणून जैन शेतकरी, त्यांच्याकडं बस्तीचे, म्हणजे त्यांच्या देवळाचे, मोडी कागद होते. दिवसभर वाचले, त्यात भूकंप काही नव्हता. मी दप्तर आवरत होतो तेव्हा पाटलांची आई, कस्तुरीआक्का, दाराशी येऊन उभी राहिली. सत्तरीची, ताठ कण्याची बाई.

"आवं पंत, वही माजी बी एक हाय. पर ती व्रतांची. तुमास्नी काय कामाची न्हाई."

पाटील म्हणाले, "आक्का, ऱ्हाऊ दे की. त्यास्नी जुनं पायजे."

"मग मी काय नवी हाय व्हय?" म्हातारी म्हणाली आणि वही घेऊन आली.

बाळबोध, टपोरं अक्षर. केलेले उपवास, घेतलेले नेम, चुकल्याचं प्रायश्चित्त, सगळं तिथीवार. मी उगाच मान राखायला पानं चाळत होतो आणि एका पानावर बोट अडलं. 'शके १८२९ भाद्रपद शु. १०. सुगंधदशमीचा उपवास. दुपारी सामायिकास बसले असता जमीन हलली. देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजली. उठले नाही. सामायिक पुरे केले.'

सामायिक म्हणजे दोन घटका एका जागी निश्चळ बसायचं, काही झालं तरी हलायचं नाही.

मी विचारलं, "आक्का, उपवास होता. चक्कर तर नव्हती आली?"

"मला आली आसंल. घंटंला बी आली व्हय?"

परत येताना गाडीत मला बसवेना. तो खरं बोलत होता! एकोणचाळीस वर्षं, दर चहाला, तो खरं बोलत होता आणि मी त्याला 'बरं बाबा' म्हणत होतो. लाज वाटली, चांगली सणसणीत वाटली. मिरजेपासून वाठार स्टेशनापर्यंत मी उतरून घेतलेल्या त्या नोंदीची घडी उलगडत होतो आणि मिटत होतो.

साताऱ्याच्या छापखान्यात चिंत्यानं तो कागद उभ्यानंच वाचला. 'उठले नाही' हे शब्द पुन्हा वाचले. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "हे पुस्तकात येईल?"

"येईल म्हणजे? आलंच पाहिजे."

"चोविसावा म्हणून. बारीक टायपात आला तरी चालेल. गंग्या, मी स्वतः जुळवीन. वडील तर गेले, पण छापून आलं की झालं. छापलेलं कुणी नाही म्हणत नाही." मी त्याला वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी सांगली गाठली. बोडससाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला.

"उपवासानं चक्कर आली असेल बाईंना."

"आणि घंटेला?"

"वारा. गंगाधरपंत, अहो, तुमच्याच वहीत त्या दिवशी काय आहे? अध्ययन यथास्थित! ज्या पाठशाळेनं तेवीस भूकंप टिपले, एक साधा हादरा जिच्या नजरेतून सुटला नाही, तिला हा एकच कळला नाही? शिवाय भाद्रपद. नदी भरलेली. शक्यच नाही."

म्हणजे आम्ही जितके खोटे भूकंप केले होते, तितका तो खरा भूकंप खोटा ठरत होता. आता तोंड उघडायचं होतं ते मी. साहेब, ती वही दोन उनाड पोरांनी लिहवून घेतली आहे, एवढं एक वाक्य. ते माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात साहेबांनी प्रस्तावनेची कच्ची प्रत पुढं सरकवली. तीत लिहिलं होतं, 'वेदमूर्तींचे जामात, सत्यवचनी श्री. गंगाधरपंत यांच्या निर्दोष वाचनाविना हा ग्रंथ झाला नसता.' आयुष्यात माझं नाव कुठं छापून आलं नव्हतं. मी प्रत वाचली, परत दिली आणि म्हटलं, "एक वेलांटी चुकली आहे." शरयूचं कारण मी तिथंही वापरलं, पण ते आता फार झिजलं होतं.

छापखान्यात जाऊन मी चिंत्याला वेगळाच उपाय सुचवला. "प्रूफं पास झाली आहेत. शेवटी दोन ओळींची जागा आहे. तू घाल की जुळवून! छापून झाल्यावर कोण काय करतंय?"

चिंत्यानं हातातली जुळणीची पट्टी खाली ठेवली. "मूळ कागदात नाही ते मी घालत नाही."

"अरे, पण ते खरं आहे!"

"असेल. तेव्हा न हलवता बाहेर गेलो. आता तू सांगतोस, हलव. गंग्या, तू साहेबांना सांगितलंस का, वहीतलं?"

मी छताकडं बघितलं.

"बरं बाबा," चिंत्या म्हणाला आणि पुन्हा खिळे उचलायला लागला. तेवीसच्या तेवीस त्यानं जुळवले, एक कानामात्रा इकडची तिकडं न करता.

प्रकाशनाचा समारंभ आमच्याच पाठशाळेत, पौष पौर्णिमेला ठेवला. पौर्णिमा का? कारण अनध्याय, पाठशाळा रिकामी. दुपारी चारला माणसं जमली. गुरुजींच्या फोटोला हार, खाली बोडससाहेब, शेजारी मी, नवं उपरणं घेऊन. बायका आत स्वयंपाकघरात, शरयू तिथं फराळाचं बघत होती. चिंत्या साताऱ्याहून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन मोटारीनं आला होता. बसायला जागा नव्हती म्हणून तो दोन्ही हातांत गठ्ठा धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. चाळीस वर्षांत त्या घरात त्याचं हे पहिलं पाऊल.

साहेबांनी भाषण सुरू केलं. चंद्र झाला, नदी झाली, वेदमूर्ती झाले. "आणि हे सत्यवचनी गंगाधरपंत," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं हात केला, आणि आत भांडी वाजली.

मी ती खणखण ओळखतो. पण ही आमची नव्हती. खालून, सतरंजीतून पायांत आली. गुरुजींचा फोटो भिंतीवर घासला. एक तांब्या घरंगळत दारापर्यंत आला आणि चिंत्याच्या पायाशी थांबला. पाच-सहा माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "भूकंप!"

बोडससाहेब शांतपणे हसले. "बसा, बसा मंडळी. आज पौर्णिमा आहे." त्यांनी पुस्तकावर टिचकी मारली. "पौर्णिमेला भूकंप होत नाही. कुणाचा तरी धक्का लागला फळीला."

आणि सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. दारात चिंत्या. माणसं खाली बसली. आपल्या पायांपेक्षा त्यांचा पुस्तकावर जास्त विश्वास होता.

चिंत्या म्हणाला, "मी हात लावला नाही." दोन्ही हातांत गठ्ठा होता हो त्याच्या! हात लावायला तिसरा हात कुठून आणणार होता?

"असू द्या, असू द्या," साहेब म्हणाले. "होतं असं. गंगाधरपंत, तुमचं तोंड दाराकडंच होतं. तुम्ही सांगा, म्हणजे शंका नको. काय झालं?"

तीच खोली, तोच प्रश्न. मी उठून उभा राहिलो. उपरणं खांद्यावरून पडलं, ते उचललं नाही.

"तो भूकंप होता," मी म्हटलं. "आणि तुमच्या पुस्तकातले तेवीस नाहीत. ते मी आणि चिंतामणनं केले, फळीला सुतळी बांधून, सुट्टीसाठी. पौर्णिमेला केले नाहीत, कारण पौर्णिमेला सुट्टीच असते. एकच खरा झाला, भाद्रपद शुद्ध दशमीला, आणि तो ह्याच्या नावावर घालून मी ह्याला घराबाहेर काढवलं. मी खोटा आहे साहेब. हा नाही."

साहेबांचे डोळे भरून आले. ते माझ्याजवळ आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून लोकांना म्हणाले, "पाहिलंत मंडळी? एका गरीब मित्राची फजिती होऊ नये म्हणून हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला. आणि सवय नसल्यामुळं किती कच्चं बोलला! सुतळी काय, सुट्टी काय!"

टाळ्या पडल्या. खरंच सांगतो, जोरात पडल्या. माझ्या एका खोट्याला गुरुजींनी मुलगी दिली आणि माझ्या एका खऱ्याला लोकांनी टाळ्या दिल्या, खोटं म्हणून.

माणसं फराळ करून गेली. साहेबांना मोटारीत बसवून मी आत आलो, तर चिंत्या स्वयंपाकघरात पाटावर बसला होता आणि शरयू त्याच्यापुढं चहा ठेवत होती. मी मनाची तयारी केली. म्हटलं, आता ही रडणार, बापाचं नाव घेणार.

शरयू चिंत्याला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही हात लावला नव्हता. आजही नाही आणि तेव्हाही नाही. मी इथंच होते, चुलीपाशी. आठ वर्षांची होते. तुम्ही दारात पोचायच्या आधीच फळी हलायला लागली होती."

चिंत्यानं कप उचलला होता, तो तसाच धरून राहिला.

मला आधी काही समजेचना. "तुला ठाऊक होतं? आणि सुतळीचं?"

"सुतळी?" ती म्हणाली. "दर महिन्या-दोन महिन्यांनी तुटायची ती. कोण बांधायचं पुन्हा, उंदीर? सुट्टी झाली की बाबा मलाही घाटावर न्यायचे. बाबांना काय ठाऊक नव्हतं वाटतं? एकदा मला म्हणाले, गाठ घट्ट मार."

"आणि चाळीस वर्षं तू बोलली नाहीस?"

"त्या दिवशी बोलायला गेले होते. बाबा म्हणाले, आत जा. नंतर तुम्हाला वाटायचं, ह्यांनीच फळी ढकलली. कधी कधी झोपेतसुद्धा म्हणायचात. मला विचारलंत कधी? कुणीच विचारलं नाही. वही काढून दिली तेव्हा म्हटलं, आता तरी विचारतील."

माझं झिजलेलं कारण तिथं संपलं. ज्या बाईसाठी मी गप्प बसलो होतो, ती माझी वाट बघत बसली होती.

मी म्हटलं, "मी उद्याच साहेबांना पत्र लिहितो. शरयू, तू सही कर."

"नको," चिंत्या म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला, मांडी नीट घातली आणि डोळे मिटले. "वहिनी, पुन्हा सांगा."

"काय सांगू?"

"तेच. संथा द्या."

शरयू त्याच्यासमोर बसली. "तुम्ही हात लावला नव्हता," ती म्हणाली.

"मी हात लावला नव्हता," तो मागून म्हणाला.

"जमीन हलली होती."

"जमीन हलली होती."

"मी पाहिलं."

"वहिनींनी पाहिलं." मग म्हणाला, "अजून एकदा. पाठ होईपर्यंत म्हणायचं असतं."

मी उंबऱ्यात उभा होतो. मला कुणी बस म्हणालं नाही.